बाळ कधी काय करायला लागतं आणि डॉक्टरकडे कधी जायचं: पहिल्यांदाच आईबाबा झालेल्यांसाठी

पहिलं बाळ झालं की घरात दोन वाक्यं फिरायला लागतात. एक म्हणजे "आमची तर या वयात घरभर पळत होती", आणि दुसरं "होईल गं हळूहळू, त्याचा बाबा पण उशिराच बोलला". पहिल्या वाक्यानं नुसती झोप उडते, बाकी काही बिघडत नाही. दुसऱ्या वाक्यापायी मात्र कधीकधी अख्खं वर्ष जातं आणि लहान मुलाच्या बाबतीत वर्ष म्हणजे फार मोठी गोष्ट आहे. मी डॉक्टर नाही, दोन पोरांची आई आहे, आणि ओळखीतल्या नव्या आया सारखे हेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. फार टेन्शन पण घ्यायचं नाही आणि दुर्लक्ष पण करायचं नाही, या दोन्हीच्या मध्ये कसं राहायचं ते बघू.

पायरी १: आधी बाळाचं वय नीट मोजा

हे सगळ्यात आधी, कारण इथेच गोंधळ होतो. बाळ पूर्ण दिवसांचं असेल तर जन्मतारखेपासून मोजायचं, विषय संपला. पण बाळ लवकर झालं असेल, म्हणजे ३७ आठवड्यांच्या आधी, तर जेवढे आठवडे आधी आलं तेवढे वयातून वजा करायचे. समजा ३२व्या आठवड्यात डिलिव्हरी झाली, म्हणजे ४० मधून ३२ गेले, ८ आठवडे, साधारण दोन महिने. आता कॅलेंडरवर बाळ सहा महिन्यांचं दिसतंय पण बसणं, पालथं पडणं वगैरे बघताना त्याला चार महिन्यांचं धरायचं. हा हिशोब दोन वर्षांचं होईपर्यंत चालतो. जुळ्यांच्या आईबाबांनी तर हे फ्रीजवर लिहून लावावं, कारण जुळी बऱ्याचदा लवकरच येतात आणि मग सगळे नातेवाईक पूर्ण दिवसांच्या बाळाशी तुलना करत बसतात.

एक मात्र लक्षात ठेवा, लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, त्यात वजाबाकी नाही. आणि बाळ ३४ आठवड्यांच्या आधी झालं असेल किंवा जन्माचं वजन २ किलोपेक्षा कमी असेल तर डोळ्याच्या पडद्याची तपासणी पहिल्या महिन्याच्या आत झालीच पाहिजे, लवकर झालेल्या बाळांना पडद्याचा जो आजार होऊ शकतो, ज्याला आरओपी म्हणतात, त्यासाठी. घरी सोडताना डिस्चार्ज कार्डवर ते लिहिलंय का बघा, नसेल तर तोंडाने विचारा.

पायरी २: कार्ड शोधा आणि मोबाईलचा चांगला उपयोग करा

सरकारी दवाखान्यात किंवा अंगणवाडीत नाव नोंदवलं की माता बाल संरक्षण कार्ड मिळतं, आशाताई त्याला एमसीपी कार्ड म्हणतात. आपण ते फक्त लसीची तारीख बघायला काढतो. आतमध्ये कोणत्या महिन्यात बाळ काय करतं याची चित्रं असतात, ती कुणी बघतच नाही. ती बघा. प्रायव्हेट हॉस्पिटलची जी गुळगुळीत फाईल मिळते तिच्यातही असं पान असतंच, शेवटी कुठेतरी.

वेगळी आठवण कशाला ठेवायची, लसीच्या तारखाच टप्पे बघायच्या तारखा धरा. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने, मग सोळा ते चोवीस महिन्यांच्या मधली. मध्ये सहा महिन्यांना आणि वर्षाला एकेकदा घरीच बघायचं. गावाकडे आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येणं अपेक्षित आहे, त्या आल्या की चहा देऊन बोळवण करू नका, जे खटकतंय ते सांगा.

आणि व्हिडिओ काढा. वाढदिवसाचे नाही, साधे, दहा सेकंदांचे: बाळ पालथं पडतंय, वस्तू उचलतंय, हाक मारल्यावर वळतंय का. दवाखान्यात गेलं की बाळ एकतर भोकाड पसरतं नाहीतर आईला चिकटून बसतं, तिथे ते काहीच करून दाखवत नाही, आणि "घरी करतो हो डॉक्टर" एवढ्यावर डॉक्टर तरी काय ठरवणार.

पायरी ३: तारीख नाही, रेंज असते

जागतिक आरोग्य संघटनेनं भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा पाच देशांतल्या निरोगी मुलांवर अभ्यास केला होता, आपल्याकडची मुलं दिल्लीची होती, आणि २००६ मध्ये त्याचे आकडे आले. त्यात आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, आणि एकट्यानं चालणं ८.२ ते १७.६ महिने. परत वाचा. एक मूल नवव्या महिन्यात चालतंय आणि दुसरं सतराव्या महिन्यात, तरी दोघंही नॉर्मल असू शकतात. त्यामुळे सोसायटीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी अकराव्या महिन्यात चालण्याचा व्हिडिओ टाकला तर हार्ट द्या आणि पुढे जा.

रांगण्याचं तर अजून मजेशीर आहे. काही मुलं रांगतच नाहीत, ढुंगणावर खुरडत खुरडत जातात, काही पोटावर सरपटतात, आणि काही थेट सोफा धरून उभीच राहतात. त्या अभ्यासात चार-साडेचार टक्के मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नव्हती. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं २०२२ मध्ये बाळ कधी काय करतं याची आपली यादी बदलली तेव्हा रांगणं त्यातून काढूनच टाकलं. म्हणून "रांगला नाही" एवढ्यावरून रडत बसू नका. जी मुलं खुरडतात ती चालायला पण जरा उशीर करतात.

मग बघायचं काय? एक, क्रम बरोबर चाललाय ना, मान धरल्याशिवाय कोणी बसत नाही. दोन, दर महिन्याला थोडं तरी पुढे सरकतंय ना. तीन, चारही बाजूंनी बघा: मोठ्या हालचाली, हाताबोटांची कामं, बोलणं-ऐकणं आणि माणसांत मिसळणं. आपल्याकडे सगळं लक्ष पहिल्याकडे असतं. चालायला लागलं की पेढे वाटतात, पण बोट दाखवून वस्तू मागितली तर कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि खरं तर ते बोट फार महत्त्वाचं आहे, त्यावर पुढे येतेच.

पायरी ४: महिन्याप्रमाणे

पहिले तीन महिने. नवजात बाळ झोपेत हसतं, आजी म्हणते सटवाई हसवतेय, ते हसू गोड असतं पण ते आपल्याकडे बघून नसतं. आपल्या चेहऱ्याकडे बघून, आपण बोललो म्हणून जे हसतं ते दीड ते दोन महिन्यांच्या सुमारास येतं. तीन महिने झाले तरी ते हसू आलं नाही, किंवा बाळ तोंडाकडे बघतच नाही, तर डॉक्टरला सांगायचं. मुठी या काळात हळूहळू उघडायला लागतात आणि पाळण्यावरचं चिमणाळं हललं की नजर त्याच्या मागे जाते. जागं असताना, आपण समोर बसलेलो असताना, दिवसातून दोनतीनदा काही मिनिटं पोटावर ठेवा, मान त्यानेच घट्ट होते. झोपवताना मात्र पाठीवरच.

चार ते सहा. मान चौथ्या महिन्यापर्यंत बऱ्यापैकी सावरते. बघायचं कसं, तर बाळाला उताणं झोपवून दोन्ही हात धरून अलगद बसतं करायचं, सुरुवातीला डोकं मागे लोंबतं, नंतर अंगाबरोबर येतं. पाचवा महिना पूर्ण झाला आणि डोकं अजून लोंबतंय, तर थांबू नका. सहाव्या महिन्यापर्यंत पालथं पडणं, खुळखुळा या हातातून त्या हातात घेणं, खळखळून हसणं. आणि एक गोष्ट आपण रोज करतो पण लक्ष देत नाही, लंगोट किंवा डायपर बदलताना पाय कसे आहेत ते. पाय सहज फाकत नसतील, कडक होऊन कात्रीसारखे एकमेकांवर येत असतील, किंवा उलट सगळं बाळच चिंधीसारखं सैल वाटत असेल, तर तेवढंही कारण दाखवायला पुरेसं आहे.

सात ते नऊ. माझा सगळ्यात आवडता काळ, आणि बघण्यासारखंही खूप. बाळ आधाराशिवाय बसतं, हात मोकळे होतात, आणि मग सुरू होतो चमचा पाडण्याचा उद्योग. खुर्चीतून चमचा पाडायचा, खाली वाकून बघायचा, आजीने उचलून दिला की पुन्हा पाडायचा. आजी वैतागते, पण आत मोठं काम चाललेलं असतं: दिसेनाशी झालेली वस्तू संपलेली नसते, ती कुठेतरी आहे, हे बाळाला कळायला लागलंय. म्हणूनच याच वयात तोंडावर पदर घेऊन केलेलं बुवाकुक त्याला इतकं आवडतं. वाटीखाली खेळणं लपवून बघा, पाचव्या महिन्यात वस्तू दिसेनाशी झाली की विसरतं, नवव्यात वाटी उचलून काढतं.

याच काळात नवीन माणूस बघून रडायला लागतं. काल मजेत काकाकडे जाणारं बाळ आज किंचाळतं, काका नाराज. काकांना सांगा, हे चांगलं लक्षण आहे, बाळाला आपली माणसं आणि परकी माणसं यातला फरक कळतोय. नऊ महिने पूर्ण होऊनही आधाराशिवाय बसत नसेल तर दाखवा.

दहा ते बारा. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत बारीक वस्तू पकडणं. ताटात भाताचं एक शीत ठेवा आणि बघा, आधी सगळा पंजा मारून गोळा करतं, मग एक दिवस नेमकं चिमटीत उचलून तोंडात घालतं. शेंगदाणा, चणा, फुटाणा यावर हा प्रयोग करू नका, घशात अडकतं. टाटा करणं, टाळ्या वाजवणं, नावाने हाक मारली की वळणं, "नाही" म्हटल्यावर क्षणभर थांबणं (क्षणभरच हं). वर्षाच्या आसपास एखादा अर्थाचा शब्द: मम्मं, बाबा, भूभू. मामा-बाबा-दादा असं नुसतं घोकणं नवव्या महिन्यात पण असतं, अर्थ लावून म्हणणं वेगळं.

वर्ष ते दीड वर्ष. चालणं बहुतेकांचं बारा ते पंधरा महिन्यांत. अठरा महिने पूर्ण झाले तरी एकट्यानं चालत नसेल तर तपासणी, कारण काहीही असो. खडू दिला तर भिंतीवर रेघोट्या. ठोकळ्यावर ठोकळा.

आणि ते बोट. कावळा दिसला की मूल बोट दाखवतं आणि वळून तुमच्याकडे बघतं, तुम्ही बघितलंत ना, अशा अर्थाने. बिस्किट हवंय म्हणून बोट दाखवणं एक, आणि नुसतंच "बघ ना" म्हणून दाखवणं दुसरं, दोन्ही हवीत. दीड वर्षाचं मूल बोट दाखवत नाही, हाक मारली तर वळत नाही, नजर देत नाही, तुमचा हात धरून वस्तूपर्यंत नेतं पण चेहऱ्याकडे बघत नाही, असं असेल तर ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, चाचणी करून घ्यावी. एम-चॅट नावाची २० प्रश्नांची प्रश्नावली आहे, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, आईबाबांनीच भरायची. त्यातून निदान होत नाही, पुढे सविस्तर बघायचं की नाही एवढंच कळतं. घरच्या घरी इंटरनेटवर भरून रात्रभर जागू नका, डॉक्टरबरोबर भरा.

दोन वर्षं. "आई ये", "दूध दे", "बाबा गेले", असे दोन शब्द जोडणं. शब्द साधारण पन्नासच्या घरात, बोबडे चालतात, "पाणी" ला "मानी" म्हणालं तरी तो शब्दच. सोळा महिन्यांना एकही शब्द नाही किंवा दोन वर्षांना दोन शब्द जोडत नाही, तर "मुलगे उशिरा बोलतात" हे वाक्य बाजूला ठेवा. मुलींपेक्षा मुलं थोडी मागे असतात हे खरं, पण थोडीच, वर्षभर नाही. तसंच घरात मराठी, बाहेर हिंदी, शेजारी गुजराती म्हणून बोलत नाही हे पण कारण नाही. दोन भाषांतले शब्द एकत्र मोजायचे, "पाणी" आणि "वॉटर" दोन्ही म्हणत असेल तर दोन्ही मोजा. भाषा कमी करायची काहीच गरज नाही, परदेशातल्या आपल्या लोकांना कुणी ना कुणी सांगतंच की घरी फक्त इंग्लिश बोला, ते ऐकू नका. जीभ खाली चिकटलीय म्हणून बोलत नाही असंही सांगतात, पण चिकटलेल्या जिभेने फार तर उच्चार बिघडतात, शब्दच येत नाहीत असं होत नाही.

तीन ते पाच भराभर सांगते. तीनला स्वतःचं नाव सांगतं, तीनचाकी सायकल चालवतं, गोल काढतं, परक्या माणसालाही त्याचं बहुतेक बोलणं कळतं. चारला एका पायावर उडी, गोष्ट सांगणं, आणि थापा मारणं पण. पाचला त्रिकोण जमतो. दिवसाची शी-शू तीनपर्यंत बऱ्यापैकी सांगायला लागतात, रात्री अंथरूण ओलं करणं पाच वर्षांपर्यंत चालतंय, त्यासाठी मारू किंवा लाजवू नका.

पायरी ५: कान. यात थांबायचंच नाही

मला एकच पायरी ठेवा म्हटलं तर मी ही ठेवेन. ज्या बाळाला ऐकू येत नाही ते पण सुरुवातीला आऽ ऊऽ करतं, बडबडतं, त्यामुळे घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे. सहा महिन्यांनंतर ती बडबड वाढायच्या ऐवजी हळूहळू कमी होत जाते, आणि लक्षात येईपर्यंत मूल दोन वर्षांचं झालेलं असतं.

घरी ताटली वाजवून बघितली आणि बाळ वळलं, म्हणून कान चांगले असं समजू नका. ताटली घेऊन जाणारी मावशी त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलेली असते, किंवा जमिनीची थरथर कळते, नाहीतर मोठा आवाज कळतो आणि बोलण्याचा बारीक आवाज कळत नाही. खरी तपासणी म्हणजे ओएई, बाळ झोपलेलं असताना कानात छोटं बोंडूक ठेवून काही मिनिटांत होते, दुखत नाही. त्यात शंका आली तर बेरा करतात, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी. जगभर १-३-६ असा हिशोब धरतात: एक महिन्याच्या आत पहिली तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत मशीन किंवा जे लागेल ते सुरू. बाळ काचेच्या खोलीत राहिलेलं असेल, कावीळ खूप वाढली असेल, मेंदूज्वर झाला असेल किंवा घरात कुणाला लहानपणापासून ऐकू येत नसेल, तर पहिली तपासणी पास झाली तरी पुन्हा करायला सांगतात, ती चुकवू नका. मुंबईत बांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, खास बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची, केंद्र सरकारची. कॉक्लिअर इम्प्लांटला, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवतात त्या यंत्राला, सरकारी योजनांतून मदत मिळते पण तिथे वयाची अट असते, म्हणून उशीर महागात पडतो.

पायरी ६: घरी काय करायचं, काय नाही

बोलत राहा. भाजी निवडताना, आंघोळ घालताना, "हा बघ लाल टोमॅटो, हा गेला पातेल्यात" असं काहीही. बाळाने आवाज काढला की थांबून उत्तर द्या. याला खर्च शून्य आणि महागड्या खेळण्यांपेक्षा उपयोग जास्त. भरवताना मोबाईल लावून देणं आता घरोघरी आहे, कळतंय मला, दोन घास जास्त जातात, पण इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचं म्हणणं आहे की दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, आजी-आजोबांचा व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. दोन ते पाच वर्षांना दिवसाला तासाभराच्या आत.

चाकाचा वॉकर, ज्यात बाळाला मध्ये बसवतात, तो आणूच नका आणि कुणी भेट दिला तर माळ्यावर टाका. त्याने चालणं लवकर येत नाही, उलट लांबतं, आणि जिन्यावरून पडून डोक्याला लागतं. कॅनडानं तर २००४ मध्ये विकायलाच बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा बरा, त्यात बाळ स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलतं. तरी जवळ माणूस हवाच.

लवकर बोलावं म्हणून मधात वेखंड उगाळून चाटवतात. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, थेंबभर पण नाही, त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. आजीला वाईट वाटेल, वाटू द्या.

आता खाण्याचं, इथे जरा थांबते कारण आपल्याकडे हे फार दिसतं. आई पूर्ण शाकाहारी, दूधदही पण कमी, आणि बाळ फक्त अंगावर. अशा वेळी आईचं बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल तर बाळाचं पण होतं. मग सहा महिन्यांनंतर हसतंखेळतं बाळ मलूल होतं, फिकं पडतं, बोटांच्या पेरांवर काळपटपणा येतो, बसायला लागलेलं असतं ते बसेनासं होतं, कधी हातपाय थरथरतात. लोक म्हणतात दृष्ट लागली. हे रक्त तपासून कळतं आणि वेळेत इंजेक्शनं दिली तर बाळ चांगलं सुधारतं. म्हणून गरोदरपणातच स्वतःचं बी-१२ तपासून घ्या. सहा महिने पूर्ण झाले की वरचं खाणं सुरू करा, उष्टावणाचा मुहूर्त महिनाभर लांब असेल तरी खाणं थांबवायचं नाही. लोहाचं सिरप सहा महिन्यांपासून अंगणवाडीत मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिली, शी काळी होते म्हणून बंद करू नका.

पायरी ७: लगेच कधी जायचं

वर प्रत्येक वयाला लिहिलंय, पण त्याशिवाय या तीन गोष्टी. येत असलेली गोष्ट जायला लागली, म्हणजे बोलत होतं ते बंद झालं, बसत होतं ते पडायला लागलं, तर त्याच आठवड्यात. वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरतंय, दुसरा मुठीतच राहतो, तर "डावखुरा आहे" म्हणून हसू नका, एवढ्या लहान वयात डावा-उजवा ठरत नाही, दुसरा हात कमजोर असू शकतो. आणि तिसरी म्हणजे आईला सारखं काहीतरी खटकतंय. हे वैद्यकीय लक्षण वाटत नाही, पण चांगले डॉक्टर हे ऐकून घेतात. नाही घेतलं तर दुसरे डॉक्टर गाठा.

पायरी ८: जायचं कुठे आणि तिथे होतं काय

पहिल्यांदा नेहमीचे बालरोगतज्ज्ञ. ते डोक्याचा घेर मोजतील, तपासतील, गरज वाटली तर थायरॉइड, रक्त, कान, डोळे सांगतील. जन्मतः थायरॉइड कमी असणं हे लवकर सापडलं तर गोळीवर निभावतं आणि नाही सापडलं तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, म्हणून ती तपासणी झालीय का ते फाईलमध्ये बघाच.

पैशाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, २०१३ पासून, आरबीएसके म्हणतात. त्यांची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, मुलं तपासते, आणि संशय आला तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवते, ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत सगळं फुकट. गाडी येईपर्यंत थांबायची गरज नाही, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जाऊन डीईआयसी कुठे आहे विचारा. केसपेपर काढणाऱ्या खिडकीवर कधीकधी त्यांनाच माहीत नसतं, मग बालरुग्ण विभागात विचारा, तिथे सांगतात. अमेरिकेत असाल तर तीन वर्षांखालच्या मुलांसाठी अर्ली इंटरव्हेन्शनला, म्हणजे तिथल्या अशाच लवकर मदतीच्या सेवेला, आईबाबा स्वतः फोन करू शकतात, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.

सविस्तर चाचणी म्हणजे बहुतेक वेळा डासी, मुलाची हालचाल आणि समज मोजणारी चाचणी. बडोद्याला प्रमिला फाटक यांनी आपल्याच मुलांवर अभ्यास करून जे मोजमाप तयार केलं त्यावर ती आधारलेली आहे, अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. त्यात हालचालींचे ६७ आणि समजेचे १६३ मुद्दे असतात, पण सगळे करून घेत नाहीत, वयाच्या आसपासचेच. चाचणी घेणारी ताई समोर बसून ठोकळे, घंटी, कप, आरसा असं एकेक काढते आणि मूल काय करतं ते लिहिते. मुलाची झोप आणि पोट भरलेलं असेल अशी वेळ मागून घ्या. आणि मध्ये मध्ये "अरे घरी करतोस ना, कर ना" असं म्हणू नका, फार मोह होतो, पण नको.

जाताना सोबत डिस्चार्ज कार्ड, लसीचं कार्ड, व्हिडिओ, आणि घरात कुणाला फिट, बहिरेपणा, उशिरा बोलणं असं काही असेल तर त्याची माहिती, नात्यातलं लग्न असेल तर ते पण लपवू नका. रिपोर्टमध्ये "डीले" शब्द दिसला की पोटात गोळा येतो, पण त्याचा अर्थ सध्या मागे आहे एवढाच, पुढे किती भरून निघेल ते कारणावर आणि किती लवकर सुरू केलं त्यावर ठरतं. आकडा कितीही असला तरी "आता घरी काय करायचं" हे विचारल्याशिवाय उठू नका.

थेरपी सुरू झाली तर थेरपी देणारी ताई आठवड्यातून एकदोनदाच भेटते, बाकीचा सगळा वेळ मूल घरी असतं. त्यामुळे व्यायाम किंवा बोलण्याचे खेळ आंघोळ, जेवण, कपडे घालणं यातच बसवायचे, वेगळा तास काढायला गेलं की चार दिवसांत बंद पडतं. आणि दिवसभर बाळाला जे कुणी सांभाळतं, आजी असो की कामाच्या मावशी, त्यांना एकदा तरी सोबत घेऊन जा आणि ताईसमोर त्यांच्याच हातून करून घ्या, तुम्ही घरी येऊन समजावलेलं आणि तिने दाखवलेलं यात खूप फरक पडतो.